थोरलीचे गुडघे

माझी थोरली जाऊ सत्तरीची, आणि जमिनीवरून उठताना ती हात टेकायची नाही. बस्स, एवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून एखादी शिकलीसवरलेली बाई किती जळू शकते, ते मी अगदी जवळून बघितलंय, कारण ती बाई मीच.

परसात ती दोन पायांवर बसायची. पार खाली, टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे छातीपाशी आणि पुढ्यात वालाच्या शेंगांचं सूप. तासभर शेंगा सोलत माझ्याशी बोलायची आणि बोलता बोलता तशीच, सूप हातात धरून, सरळ वर यायची. लिफ्ट येते तशी. कुठे आवाज नाही, कुठे कण्हणं नाही. मी शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत. मला त्या खुर्चीतून उठायचं असलं तरी आधी दोन्ही तळवे मांड्यांवर, मग एक मोठा श्वास, मग "अगं आई गं", आणि मग माझा उजवा गुडघा कर्र करून सगळ्या आळीला कळवणार की मास्तरीणबाई उठल्या. आणि मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान!

त्यात पुन्हा अन्याय असा की, गुडघा म्हणजे काय हे त्या अख्ख्या घरात फक्त मला माहीत होतं. एकतीस वर्षं मी पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवलं. सांधे हा माझा हातखंडा धडा. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे, गोल डोकं वाटीत बसलेलं, म्हणून हात चहूबाजूंनी फिरतो. कोपर आणि गुडघा बिजागरीचे, दारासारखे एकाच बाजूला मिटणारे. मनगटातली हाडं एकमेकांवर सरकणारी. मान खुंटीवर फिरणारी. हे सगळं फळ्यावर काढून पोरांना कंटाळा येतो, म्हणून मी आदल्या संध्याकाळी मटणवाल्याकडून बोकडाचा पाया आणायची. सांध्यापाशी नुसता चिरा दिलेला, तोडलेला नाही. तो टेबलावर ठेवला की चाळीस पोरं बाकांवर उभी राहायची. शाकाहारी घरातली दोन-चार मागे जाऊन नाक धरायची, पण बघायची सगळी.

"हाडाच्या टोकावर बोट फिरवा," मी म्हणायची. तिथे कूर्चा असते. निळसर पांढरी, ओल्या काचेसारखी गुळगुळीत. सांध्याभोवती एक पिशवी असते, ती चिरली की अंड्यातल्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत रस बोटांना लागतो. ते वंगण. आणि बाहेरून पांढऱ्या चिवट पट्ट्या, हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध. पोरं "ईऽऽ मॅडम" करत हात लावायची आणि मग तासभर हात धुवायला जायचं नाव काढायची नाहीत.

एक गोष्ट मी त्यांना दरवर्षी विचारायची. या कूर्चेत रक्तवाहिनी नाही, मग ती जेवते काय? कुणाला सांगता यायचं नाही. मग मी फळा पुसायचा ओला स्पंज दाबून दाखवायची. सांध्यावर भार पडला की रस बाहेर, भार सुटला की रस परत आत. तेच तिचं जेवण. म्हणजे माणूस बसला, उठला, चालला, तर कूर्चा जेवणार. असं शिकवून मी घंटा झाली की स्कूटरला किक मारायची आणि थेट आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उतरायची.

थोरली चौथीपर्यंत शिकलेली. माहेरी असताना तिने मिठागरात मिठाच्या पाट्या वाहिल्या, लग्न होऊन आल्यावर चिखलात वाकून भात लावलं, डोक्यावर भारे आणले. खुर्ची तिच्या आयुष्यात आली तीच मुळी चाळिशीनंतर. पुढे आमच्या गावाभोवती पनवेल वाढलं, भाताची खाचरं गेली, तिकडे उलव्याच्या बाजूला विमानतळाचं काम निघालं आणि गावात ज्याच्या त्याच्या घराला मजले चढले. आम्ही जवळच बिल्डिंगमध्ये राहायला गेलो होतो; थोरलीच्या घराला तीन मजले झाले. मार्बल आला, सोफा आला. ती त्या मार्बलवर दोन पायांवर बसून कोळंबी सोलायची आणि सोफ्यावर तिच्या साड्या वाळायच्या. माझ्या हिशोबाने तिचे गुडघे माझ्याआधी वीस वर्षं झिजायला हवे होते. दूध प्यायले मी, नाचणी खाल्ली मी, गोळ्या खाल्ल्या मी, आणि गुडघे गेले तेही माझेच!

घरात कुणी चांगलं बोलू लागलं की ते तिच्याबद्दलच. "थोरलीकडे बघा, या वयात." आमचे हे तर त्यात पटाईत. मी थोरलीकडच्या जिन्यावर कठड्याला धरून एकेक पायरी उतरत असले की खाली उभे राहून म्हणणार, "वहिनी आत्ता दोन हंडे घेऊन वर गेली." अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बरं, ती बाई वाईट असती तर जळायलाही सोपं गेलं असतं. ती दर आठवड्याला निरगुडीचा पाला पाठवायची. "शेक घे गो, बरं वाटल." मला तिचा पाला नको होता, मला तिचे गुडघे हवे होते. एकदा तर मी देवापुढे उभी राहून स्पष्ट मागितलं की, तिचा एक मला दे आणि माझा एक तिला दे, म्हणजे दोघींना एकेक चांगला होईल. मला वाटतं हे काही फार वाईट मागणं नव्हतं.

हे असंच धुसफुसत चाललं असतं. पण गेल्या वर्षी मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली.

एकुलता एक मुलगा, त्यामुळे सूनही एकच. कळंबोलीची पोरगी, गोड, हसरी, ऑफिसला जाणारी. मला "मम्मी" म्हणायची आणि थोरलीला "मोठी आई". यातलं कोणतं हाक मारल्यासारखं आहे आणि कोणतं नुसतं म्हटल्यासारखं, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. रविवारी मुलगा झोपलेला असायचा आणि ही थोरलीकडे भाकऱ्या थापायला शिकायला जायची. मी विचारलं, "माझ्याकडे शीक की." तर म्हणाली, "पण मम्मी, तुम्ही उभ्याने करता. मला ती खाली बसून करतात ना, तशी यायला हवी." पोरगी खरं तेच बोलत होती.

आता ववसा सांगते. आमच्याकडे तेरड्याची गौर येते आणि ती थोरल्या घरी बसते. लग्न झाल्यावर जी पहिली गौर येते, तिला नव्या सुनेचा ववसा असतो. सुपात नारळ, फळं, पानं, सुपारी, पाच भाज्या भरायच्या, सूप दोऱ्याने बांधायचं आणि गौरीपुढे जमिनीवर बसून पाच वेळा ओवाळायचं. पण सून एकटी बसत नाही. सुपाची दुसरी बाजू सासरची एखादी सवाष्ण धरते. पाच वेळा ओवाळून झालं की दोघींनी सूप तसंच धरून एकदम उठायचं. हात सुपाला गुंतलेले, त्यामुळे जमिनीला टेकता येत नाहीत, आणि टेकला तर सूप कलंडतं. आधीपासून चालत आलंय की जी बाई सूप धरते, ती पोरगी तिची होते. पुढे दुखणं असो, बाळंतपण असो, नवऱ्याशी भांडण असो, ती पोरगी त्याच बाईच्या दारात जाते. माझं सूप माझ्या सासूने धरलं होतं आणि ती जाईपर्यंत मी तिच्या पदराला चिकटून होते. माझ्या सुनेचं सूप मी धरणार हे मी मुलगा पाळण्यात होता तेव्हापासून ठरवून ठेवलेलं.

गौरीला दीड महिना असताना थोरली मला म्हणाली, "तू नको तरास घेऊस. मी बसन तिच्यापाशी. माजं काय, बसते नि उठते."

बसते नि उठते! आणि सून तिथेच होती. तिने एकदा माझ्या गुडघ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "हो मम्मी, मोठी आईच बसू देत. तुम्हाला दुखेल उगाच."

मी हसले. घरी येऊन कणीक मळली ती इतकी घट्ट की पोळ्या चिवट झाल्या. यांनी विचारलंदेखील, "आज कुणावर राग काढलायस?"

दुसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. माझी गुडघ्यांची तपासणी होतीच. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरने माझा फोटो बघून पहिलं वाक्य म्हटलं होतं, "मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही." सत्तरीच्या कुठल्याही बाईला डॉक्टर हेच सांगणार, याची मला खात्री होती. म्हटलं, थोरलीचाही फोटो काढू. डॉक्टरच्या तोंडून एकदा "खाली बसू नका" निघालं की काम झालं, मला वाईटपणा घ्यायला नको.

"वहिनी, सत्तरी झाली, एकदा बघून घेऊ," मी म्हटलं. ती बिचारी नवी साडी नेसून आली. एक्स-रेवाल्याने तिला उभं करून गुडघ्यापाशी यंत्र आणलं तेव्हा मला म्हणाली, "येवढी नेसून आले, नि हा तोंडाचा नाय काढत फोटो."

डॉक्टर तरुण आहे, चांगला आहे. त्याने दोघींचे फोटो शेजारी शेजारी उजेडावर लावले. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, फक्त हाडं पांढरी दिसतात. त्यामुळे मांडीचं हाड आणि नळीचं हाड यांच्यामध्ये एक काळी फट दिसते. ती फट म्हणजेच गादी शाबूत असल्याची खूण. माझ्या फोटोत फट बारीक झाली होती, पण होती. तिच्या फोटोत आतल्या बाजूला फटच नव्हती. हाडावर हाड टेकलेलं, कडेने हाडाची टोकं वाढलेली. माझ्यापेक्षा कितीतरी वाईट.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटातून उकळी फुटावी तसा आनंद झाला. सहा वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की देवाघरी न्याय आहे.

डॉक्टरने तिला विचारलं, "आजी, दुखतं का?"

"दुखतं ना," ती म्हणाली. "कोनाचं नाय दुखत? सकाली उठताना दुखतं. मंग कामाला लागलं की इसरते."

इतक्या वर्षांत ही बाई मला एकदाही म्हणाली नव्हती. मी मात्र दर खेपेला गुडघ्यांचा पाढा वाचत होते आणि ती पाला पाठवत होती.

ती बाहेर चपला घालायला गेली तेव्हा डॉक्टर मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही सायन्सच्या ना, म्हणून सांगतो. फोटो वाईट आहे, पण आजी छान आहेत. पुष्कळदा असं असतं. त्यांच्या मांड्या बघितल्यात? जन्मभर उठबस केलीय, स्नायूंनी सांधा घट्ट धरून ठेवलाय. त्यांना काही बंद करायला लावू नका. जमतंय तेवढं करू देत. थांबल्या तर हे स्नायू उतरतील, आणि मग खरं दुखणं सुरू होईल." हे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. आठवले नसते तर बरं झालं असतं.

रिक्षात बसल्यावर थोरलीने विचारलं, "काय बोलला गो तो?"

"गादी संपलीय म्हणाला. दोन्ही गुडघ्यांची."

"मंग?"

"जपायला सांगितलंय. खाली बसायचं बंद."

"बंद?"

"बंद," मी म्हटलं.

शेजारून ट्रक जात होते, रिक्षा हादरत होती. तिने एक्स-रेचं पाकीट मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं, जणू आत काही तरी फुटणारं आहे. घर आलं तेव्हा म्हणाली, "मना कलंल असं दाखव ना येकदा. काय संपलंय तं."

असं कुणी म्हणालं की माझ्यातली मास्तरीण जागी होते. आणि तेव्हा ती चांगलीच जागी झाली. मी दुसऱ्या दिवशी पाया घेऊन गेले.

तिच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, मी तिला सांधा शिकवला. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण इतका चांगला तास मी शाळेत कधी घेतला नव्हता. एक्स-रे खिडकीच्या काचेला चिकटवला. पाया उघडून दाखवला. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती गुलगुलीत लागतं गो." रस दाखवला, पट्ट्या दाखवल्या. मग मी सुरीने एका टोकाची कूर्चा खरवडून काढली, दोन्ही हाडं एकमेकांवर दाबली आणि फिरवली. खर्र, खर्र आवाज आला.

"हे असं आहे तुमचं आता," मी म्हटलं.

माझ्या एकाही विद्यार्थ्याने असं ऐकलं नसेल. तिने पाया हातात घेतला, कानापाशी नेला आणि स्वतः हळूच फिरवून बघितला. एकदा, दोनदा. मग खाली ठेवला आणि लुगड्यावरून आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हंजे मी बसते तवा हे आतमंदी असं व्हतं?"

"दर वेळेला," मी म्हटलं.

हात धुऊन मी घरी आले. सुनेला ऑफिसात फोन करून सांगितलं की मोठ्या आईला डॉक्टरने बसायला मनाई केलीय, गंभीर आहे, तू तिला आग्रह करू नकोस. सून हळहळली. म्हणाली, "मग मम्मी, तुम्ही?"

"मी बघते," मी म्हटलं. "अजून महिना आहे."

त्या महिन्यात मी जे केलं ते मला अजूनही खरं वाटत नाही. व्यायाम शिकवणारी एक मुलगी आमच्याच बिल्डिंगमध्ये येते, तिच्याकडून शिकले. पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा मोजायचे, सोडायचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची. मग उठबस. आधी खुर्चीवरून हात न लावता. मग स्टुलावरून. मग बुटक्या स्टुलावरून. मांड्या थरथर कापायच्या, घाम यायचा, "अगं आई गं" तर चालूच. हे पेपर वाचता वाचता म्हणायचे, "ऑलिम्पिकला जायचंय का?" मी पुढची उठबस मोजायची. थोरलीकडे मी जात नव्हते. वेळ कुठे होता?

गौरीच्या चार दिवस आधी मी देवघरातल्या चौरंगावरून, हातात रिकामं सूप धरून, हात न टेकता उठले. बुटका आहे तो, वीतभर. त्याच्या खाली मात्र मला जमलं नाही. जमिनीवरून उठणं हे थोरलीचंच काम. पण नऊवारी नेसली की चौरंग कुणाला दिसतोय? मी तो घोळाखाली झाकला की झालं.

गौरीपूजनाच्या दिवशी थोरल्या घरी सगळी भावकी जमली होती. थोरली ओट्यापाशी उभी राहून काम करत होती. मला पटकन नवल वाटलं नाही, कारण माझं लक्ष चौरंगावर होतं. तो मी पिशवीतून आणला होता. गौरीपुढे गर्दी व्हायच्या आत जागेवर ठेवला, वर बसले, साडी पसरली. सून समोर आली, हिरवी साडी, नाकात नथ, आणि मला बघून खरंच खूश झाली. "मम्मी, बसलात तुम्ही!"

सूप धरलं. माझ्या बाजूला माझे हात, तिच्या बाजूला तिचे. एक, दोन, तीन. तिच्या बांगड्यांचा आवाज माझ्या बांगड्यांत मिसळत होता. चार. पाच. मग कुणीतरी म्हणालं, "उठा आता," आणि मी पोटऱ्या, मांड्या, होतं नव्हतं ते सगळं एकवटून उठले. सुपातून मला तिचा जोर जाणवला, पोरीने मला अर्धं उचललं असणार. पण हात टेकला नाही. सूप कलंडलं नाही.

"मास्तरीण उठली गो!" बायकांनी एकच गलका केला. सुनेने सूप ठेवलं आणि मला मिठी मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातून मी पहिल्यांदा काय शोधलं असेल? थोरलीचं तोंड. मला बघायचं होतं की तिला कसं वाटतंय. सहा वर्षं मला जसं वाटलं तसं वाटतंय का.

ती दारापाशी उभी होती आणि टाळ्या वाजवत होती. मनापासून.

मग पंगत बसली. भावकीतल्या बायका भिंतीकडेने जमिनीवर, मी एका बाजूला खुर्चीवर. थोरली नेहमीच्या जागी, चुलीच्या बाजूच्या कोपऱ्यात गेली. पदर खोचला आणि बसायला लागली. अर्ध्यावर गेली आणि थांबली. एक हात भिंतीला लागला. दुसरा हात खाली जमीन शोधत होता. ती तशीच राहिली, ना वर, ना खाली, आणि मान एका बाजूला कलती केली होती, काही ऐकत असल्यासारखी. तिच्या तोंडावर दुखणं नव्हतं. दुखणारं तोंड मला ओळखता येतं, मी रोज आरशात बघते. ती घाबरली होती. मग ती भिंतीला धरून परत वर आली आणि सुनेला म्हणाली, "बाय, मना बी खुर्ची दे गो."

सुनेने खुर्ची आणली आणि माझ्या खुर्चीला लागून ठेवली. थोरली बसली. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू दाखवलंस तवापासून बसलेच नाय मी. येक-दोनदा बघितलं. पाय कापतात आता."

मग मी तिला सांगितलं. तिथेच, हळू आवाजात, ताट मांडीवर घेऊन. डॉक्टर असं म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता, करू देत. तुमच्या मांड्या चांगल्या आहेत म्हणाला होता. मी खोटं बोलले. मला सूप धरायचं होतं, म्हणून.

ती रागावली असती तर मी पाय धरले असते, वाकता येत नसलं तरी.

"तुला सूप पायजे व्हतं तं बोलायचं व्हतंस," ती म्हणाली. "मी नसते बसले."

"वहिनी, उद्यापासून परत बसा. मी येते रोज. दोघी मिळून करू. डॉक्टर खरंच म्हणाला होता, तुम्हाला काही होणार नाही."

तिने मान हलवली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या बोकडाच्या हाडावर बोट फिरवलं होतं तितक्याच हळूच.

"आता आयकू येतं ना गो मना," ती म्हणाली. "पयले येत नवतं." आणि सुनेने पुढे केलेलं ताट तिने मांडीवर घेतलं.